बाबांची पद्मिनी की आजची सेडान? कोकणात गाडी ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. मांगरात (शेतीचं सामान ठेवायच्या खोपटात) बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली माझी सहा वर्षांची सेडान. मे महिन्यात नाहीतर गणपतीला घरी येणारा प्रत्येक चाकरमानी आधी पद्मिनीच्या बॉनेटवरून हात फिरवतो आणि मग ठरलेले प्रश्न विचारतो. दोघातिघांनी तर ऐकून जुनी गाडी घेतलीसुद्धा, आणि आता त्यांचे फोन येतात. तोंडी उत्तरं देऊन कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते आहे. हे सगळं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत शिकलेलं आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत यातलं निम्मं लागू पडणार नाही.

पद्मिनी म्हणजे फियाटच ना? मग डुक्कर फियाट ती कोणती?

मूळ एकच घराणं. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० गाड्या तयार व्हायच्या. १९५० च्या दशकातली ती गोलमटोल, पुढून थेट डुकराच्या नाकाडासारखी दिसणारी, ती डुक्कर फियाट. हे नाव लोकांनी ठेवलं, कंपनीने नाही. १९६४ च्या सुमाराला चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली. १९७० च्या दशकात परवान्याची मुदत संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. आमच्या गावात मात्र आजही कोणी पद्मिनी म्हणत नाही. "फियाट काढली वाटतं?" असंच विचारतात.

मुंबईच्या काळ्यापिवळ्यांतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून आमच्या गाडीसोबत फोटो काढणारे दुप्पट झालेत.

कागदावर दोन्हींत किती फरक आहे?

आकारात वाटतो तेवढा नाही. तुलनेला २०२४ च्या अखेरीस आलेली मारुतीची नवी डिझायर घेऊ, कारण कोकणात तीच सगळ्यात जास्त दिसते. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत. वजनही जवळपास सारखं, ९०० किलोच्या आगेमागे. टाकी दोन्हींची ३७-३८ लिटरची.

फरक आत आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन जेमतेम ४० अश्वशक्ती देतं. डिझायरचं ११९७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ८० च्या वर. पद्मिनीत कार्बुरेटर, चार गिअर, ताकद मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. डिझायरमध्ये फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर, ताकद पुढच्या चाकांना आणि पुढे डिस्क. आमच्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे आणि पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे पूर्वी पुढे तिघं बसायचे. मधल्या माणसाने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न बाबांनी कधी सोडवला नाही.

घाटात पद्मिनी तापते म्हणतात. खरं का?

तापते, पण दर वेळी दोष गाडीचा नसतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला घेऊन निघाले. सेडान सर्व्हिसिंगला होती म्हणून पद्मिनी काढली. साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ. मी गाडी कडेला घेतली, फडका हातात घेतला आणि रेडिएटरचं झाकण उघडणार तेवढ्यात आई ओरडली, "थांब, आधी चाचांना विचार!" चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, झाकन उघडू नका हां. तोंड भाजंल." दुसरं वाक्य, "बेल्ट बघा."

फॅन बेल्ट इतका सैल होता की बोटाने दाबला तर आत जात होता. निघायच्या आदल्या दिवशी तपासायचा तो मी तपासला नव्हता. पद्मिनीचा पंखा इंजिनवरच, त्या पट्ट्यावर फिरतो. घाटात वेग कमी, इंजिनवर ताण जास्त, समोरून वारा नाही, त्यात पट्टा घसरत असला तर पाणी उकळणारच. आजच्या सेडानमध्ये पंखा विजेवर चालतो. तापमान वाढलं की तो आपला आपण सुरू होतो, गाडी उभी असली तरी. घाटात दोन गाड्यांमधला मोठा फरक हा आहे.

आम्ही पाऊण तास थांबलो. कोकम सरबताची बाटली आईने संपवली. मग इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी ओतलं. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून धार बारीक.

दुसरा प्रकार असा, की काटा ठीक असतो पण गाडी गचके खात बंद पडते. पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटून असतो, तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. उपाय जुनाच: पंपावर ओला फडका टाकायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. माझ्या डिकीत पाण्याचे दोन कॅन, एक जुना पंचा आणि जादा फॅन बेल्ट कायम असतो.

आणि उतारावर ब्रेक?

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पद्मिनीला हा नियम वैकल्पिक नाही. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबेनाशी होते. पावसात चाकं पाण्यातून गेली तर ड्रममध्ये पाणी शिरतं. पुढे गेल्यावर हळू वेगात पेडल दोन-चारदा अलगद दाबून ब्रेक सुकवायचे. सेडान यातलं बरंच माफ करते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून मुंबईची वाट दोन्ही गाड्यांना सोपी झाली आहे. कुंभार्ली आणि आंबा मात्र अजून जसेच्या तसे.

खाऱ्या हवेत जास्त कोण टिकतं?

पूर्वीचा पत्रा जाड होता म्हणून जुनी गाडी टिकते, असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. पत्रा जाड होता हे खरं. पण गंजाला जाडी कळत नाही, त्याला फक्त वाट हवी असते. आजच्या गाडीचा सांगाडा रंगाआधी प्रायमरच्या हौदात पूर्ण बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो थर कानाकोपऱ्यात बसवतात; बऱ्याच गाड्यांत पत्र्याला जस्ताचा मुलामाही असतो. १९८२ च्या गाडीत पोकळ जागांमध्ये असा थर नाही. तिथे मिठाचे कण बसतात, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून पोखरत जाते.

माझाच अनुभव. एका पावसाळ्यात पुढच्या काचेच्या रबरातून थेंब थेंब पाणी गळत होतं. मी खाली जुनं गोणपाट टाकलं आणि विसरले. दिवाळीला साफ करायला गोणपाट उचललं तर खालचा पत्रा बुडबुडे आल्यासारखा फुगलेला. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर असा लावलाच नाही, आणि कुरडई मोडावी तसा तो मोडला. भोकातून खाली मांगरातलं शेण सारवलेलं दिसत होतं. पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून बसवला. चूक पूर्णपणे माझी. गोणपाट नसतं तर पाणी सुकून तरी गेलं असतं.

पद्मिनीत नेमकं कुठे बघायचं ते सांगते: पायाखालचा पत्रा, दारांची खालची कड, दाराखालची लांब पट्टी, चाकांवरच्या कमानी, बॅटरी ठेवायची जागा आणि हेडलाइटच्या मागची वाटी. दारांच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात. महिन्यातून एकदा काडी घालून मोकळी करायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणी करत नाही.

सेडानला गंज वेगळ्या जागी धरतो. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर दिसतो, त्याची काळजी नको, दोन ब्रेकमध्ये तो जातो. काळजी करायची ती वायरिंगच्या जोडांची. खारा ओलावा तिथे शिरला की हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरतं आणि भलताच दिवा लागतो.

गाडीखाली जुनं इंजिन ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. लोखंडाला ते चालतं, रबरी बुशांना खातं, आणि अंगणात महिनाभर टपकत राहतं. त्यापेक्षा पावसाळ्याआधी नीट अंडरकोटिंग करून घ्या. आणि कृपा करून गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो. मांगरात वारा खेळता असला की पुरे.

घराजवळ शेड नाही, झाडाखाली लावली तर चालेल?

माडाखाली कधीही नाही. नारळ पडला तर काच जाते, झाप पडली तर टप दबतो. आंब्याखाली मोहोराचा चिकटा पडतो आणि तो उन्हात वाळला की रंग घेऊनच निघतो. फणसाबद्दल बोलायलाच नको.

सेडानचा पावसाळ्यातला सगळ्यात मोठा त्रास कोणता?

उंदीर. शेतात पाणी झालं की ते कोरडी, उबदार जागा शोधतात आणि बॉनेटखाली घर करतात. मागच्या श्रावणात माझ्या सेडानच्या डॅशबोर्डवर एकाच वेळी तीन दिवे लागले. बॉनेट उघडलं तर बॅटरीवर वाळक्या गवताचं घरटं आणि शेजारी एका सेन्सरची वायर कुरतडलेली. गाडी चालत होती, पण दम नव्हता. कॉम्प्युटर लावल्याशिवाय काही सांगता येणार नाही असं सर्व्हिसवाले म्हणाले, आणि पूर्ण वायरिंगचा भाग मागवायला नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत बाजार, बँक, आईचा डॉक्टर सगळं पद्मिनीने केलं. तिच्याही वायरी उंदीर खातात, पण त्या मोजक्या असतात आणि चाचा त्या चिकटपट्टी लावून जोडतात. उपाय म्हणाल तर गाडी दोन दिवसांआड सुरू करा आणि रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवा. उजेड आणि वारा असला की उंदीर कमी राहतात. तंबाखूची पुरचुंडी ठेवतात, त्याने मला काही फरक दिसला नाही.

पुराचं पाणी गाडीत शिरलं तर कोणती वाचते?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी चढलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पहिला नियम दोन्हींना एकच: पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. बॅटरीची वायर काढा, गाडी ओढून न्या.

पुढे मात्र पद्मिनीचं पारडं जड होतं. प्लग काढून इंजिन रिकामं करायचं, ऑइल दोनदा बदलायचं, टाकी आणि कार्बुरेटर उतरवून साफ करायचा, डिस्ट्रिब्युटर सुकवायचा, डायनॅमो आणि स्टार्टर खोलायचे. आठवडा-पंधरवड्याचं काम, पण हाताने होणारं. सेडानमध्ये सीटखालून आणि डॅशबोर्डमागून वायरी आणि कंट्रोलर पसरलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कधी कधी गाडीच्या किमतीएवढा आकडा होतो आणि विमावाले गाडी पूर्ण गेली असं धरतात. नेहमीच्या विम्यात पाण्याने बिघडलेलं इंजिन बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घ्यावं लागतं. नदीकाठी राहत असाल तर ते घ्याच.

फेरीबोटीवर कोणती नेऊ?

जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, तिन्हीकडे दोन्ही गाड्या नेल्या आहेत. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि बोटीच्या फळीवर चढताना सेडानचा पुढचा बंपर घासतो. तिरकी घेतली तर वाचतो. पद्मिनीचं नाक आखूड, ती निवांत चढते, पण बोटीवर तिला मागे घ्यायला सांगितलं की हात भरून येतात. धक्क्यावरचं पाणी खारं असतं. त्याच संध्याकाळी गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा पाइप मारा, उद्यावर टाकू नका. आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालायचा मोह कोणत्याच गाडीने करू नये. भरती आली की बघ्यांची सोय होते, आपली नाही.

स्टिअरिंग फार जड असतं का? बाईमाणसाला झेपेल?

हा प्रश्न मला फक्त पुरुष विचारतात. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक वळवायला ताकद लागते. गाडी जराशी सरकती ठेवून वळवली की लागत नाही. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि पुढच्या चाकांच्या ग्रीसिंगच्या निपलला वेळेवर ग्रीस हवं. मी शिकले तीच या गाडीवर, वय १९, वजन ४५ किलो.

नव्या पेट्रोलचा जुन्या गाडीवर परिणाम होतो का?

होतो. आता पंपांवर जे मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर ते पाणी लोखंडी टाकीच्या तळाशी बसतं, आत गंज धरतो, तो कार्बुरेटरच्या जेटमध्ये अडकतो. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात आणि त्यांना चिरा जातात. पेट्रोलचा पाइप चिरला म्हणजे आगीशी खेळ, म्हणून यात चालढकल नको. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात तो पाइप मागून घ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची पॅकिंगं बदला, वाटेत एक छोटा फिल्टर टाका आणि पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकी भरलेली ठेवा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या पेट्रोलला धरून बनवल्या आहेत. माझी सेडान त्याआधीची, म्हणून तिच्याही पाइपांवर माझं लक्ष असतं.

मायलेज?

आमची पद्मिनी लिटरला सपाटीवर १२-१३ किलोमीटर, घाटात १० च्या खाली. सेडान १८ च्या आसपास. नव्या डिझायरचा चाचणीतला आकडा २४.७९ आहे, पण चाचणीत हातखंबा तिठ्यावरचे खड्डे नसतात.

सुरक्षित कोणती?

सेडान. यात "पण" नाही. पद्मिनीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, धक्का शोषणारी रचना नाही. आमच्या गाडीला तर बेल्टही नव्हते, ते मी मागून बसवून घेतले. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले आहेत. लहान मुलांना घेऊन महामार्गावर रात्री जायचं तर मी पद्मिनीची चावी हातात घेत नाही. जुना पत्रा मजबूत म्हणून माणूस वाचतो हा समज चुकीचा आहे. पत्रा दबत नाही तेव्हा धक्का आतल्या माणसाला बसतो.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते ना?

नाही. तो गोंधळ दिल्लीच्या नियमांमुळे झालाय. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवता येते. पर्यावरण कर भरायचा, पीयूसी ठेवायचं. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेट लागतात, जुन्या नंबराच्या गाड्यांनासुद्धा.

५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये. पण मग ती रोज वापरता येत नाही. आमची गाडी २०३२ मध्ये त्या वयाची होईल. मी ती नोंदणी करणार नाही, कारण मग मासळी आणायला काय न्यायचं?

पार्ट मिळतात का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून मिळतात. बोअरिंग, क्रँक घासणं वगैरे कामं असली तर कोल्हापूरचं उद्यमनगर. काचेचं रबर, दाराचे हँडल, बंपरच्या टोप्या मिळाल्या की दोन जोड घेऊन ठेवा. खरी टंचाई माणसांची आहे. कार्बुरेटर कानाने लावणारे चाचा ७० च्या पुढचे आहेत आणि त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

जुनी विकत घ्यायची तर काय बघू?

खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जा. दाराच्या खालच्या कडेवरून, कमानींवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मग पायाखालची मॅट उचला. इंजिनाचा आवाज शेवटी ऐका, कारण इंजिन दुरुस्त होतं. आरसी, चेसिस नंबर आणि कर यांचा मेळ बसत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि शक्यतो घाटावरची, म्हणजे सह्याद्रीपलीकडे देशावरची गाडी घ्या. कोकणात आयुष्य काढलेली पद्मिनी मी तरी विकत घेणार नाही, आमची सोडून.

एकच परवडत असेल तर?

सेडान घ्या. ज्याला रविवारी सकाळी दोन तास हात काळे करायला आवडतं आणि ज्याच्या हाकेच्या अंतरावर एखादे चाचा आहेत, त्यानेच पद्मिनीचा विचार करावा. आणि तोही दुसरी गाडी म्हणून.

लग्नासाठी तुमची फियाट भाड्याने द्याल का?

नाही. खासगी नंबरची गाडी भाड्याने देता येत नाही. नात्यातलं लग्न असेल तर मी स्वतः चालवत आणीन, पेट्रोल तुमचं. फुलं दोऱ्याने बांधा, रंगावर चिकटपट्टी लावायची नाही, आणि नवऱ्याच्या मित्रांपैकी कोणी टपावर बसणार नाही.